दुरुस्तीनंतर दर्शनी भिंतीवर उमटणारे डाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतीची बाहेरून डागडुजी होते, परांची उतरते आणि काही दिवसांनी, किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतर, नुकत्याच केलेल्या भिंतीवर डाग दिसू लागतात. अशा वेळी बहुतेक जण आधी विचारतात, की हे कशाने निघेल. या पानावरची उत्तरे त्याच्या आधीच्या प्रश्नाची आहेत : हा डाग कशाचा आहे, आणि त्याला इथवर घेऊन येणारे पाणी कुठून आले? निदान न करता घाईने केलेल्या धुलाईमुळे भिंतींचे जेवढे नुकसान होते, तेवढे मूळ डागामुळे क्वचितच होते. चुकीच्या द्रावणाने पक्का झालेला डाग पुढे कशानेही पूर्णपणे न निघण्याची शक्यता असते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी नसलेले डाग काम झाल्यावरच का दिसतात?

दुरुस्तीच्या कामात भिंतीला तीन नव्या गोष्टी मिळतात. पहिली गोष्ट म्हणजे पाणी. भिंत धुताना, गिलावा करताना आणि त्यावर पाणी मारताना भिंतीच्या पोटात बरेच पाणी शिरते. ते पुढचे काही आठवडे हळूहळू पृष्ठभागाकडे येऊन वाळते आणि येताना आतले विरघळणारे क्षार बरोबर आणते. पाणी उडून जाते, क्षार पृष्ठभागावर राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नवे पदार्थ. ताज्या सिमेंटचा सामू १२.५ ते १३ असतो, म्हणजे तो तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यात विरघळणारा चुनाही असतो. सफाईची द्रावणेसुद्धा आपापले क्षार मागे ठेवतात. कॉस्टिक सोड्याने साफ केलेली भिंत नीट धुतली गेली नाही, तर सोडियमचे क्षार उरतात. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीच यांच्यामागे क्लोराइडे राहतात. भिंत स्वच्छ करण्यासाठी वापरलेला पदार्थच पुढच्या डागाचा कच्चा माल ठरतो तो असा.

तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याची बदललेली वाट. छज्जाच्या खालच्या अंगाला पाणी तोडण्यासाठी ठेवलेली बारीक खाच गिलाव्याने किंवा रंगाच्या जाड थराने बुजली, की तिथून टपकून जाणारे पाणी भिंतीवरून ओघळू लागते. गच्चीच्या कठड्यावरचा उतार आतऐवजी बाहेर दिला गेला, तरी हेच होते. माझ्या मते दुरुस्तीनंतरच्या ओघळांपैकी सर्वात दुर्लक्षित कारण ही बुजलेली खाच हेच आहे. ती खालून वर पाहिल्याशिवाय दिसत नाही आणि खालून वर सहसा कोणी पाहत नाही.

याशिवाय एक शक्यता न्यायबुद्धीने ध्यानात ठेवावी. काही डाग जुनेच असतात. वर्षानुवर्षांच्या काजळीखाली ते झाकलेले असतात आणि धुलाईने काजळी निघाली की उघडे पडतात. कामगारांवर ठपका ठेवण्यापूर्वी कामाआधीची छायाचित्रे पाहावीत.

डाग दिसल्यावर सर्वात आधी काय करावे?

काहीही लावू नये आणि धुऊही नये. डाग हा पुरावा असतो आणि पहिल्या धुलाईतच त्याचा निम्मा पुरावा वाहून जातो. त्याऐवजी तीन नोंदी कराव्यात : डाग प्रथम कधी दिसला, त्याच्या आधीच्या आठवड्यात हवामान कसे होते आणि त्या भागात कोणते काम, कोणत्या दिवशी झाले. मग संपूर्ण भिंतीचे एक छायाचित्र लांबून घ्यावे, त्यानंतर डागाचे जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. शक्य असल्यास तीच जागा कोरड्या दुपारी, पाऊस पडत असताना आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी पाहावी. ओला असताना गडद होणारा डाग, ओला असताना नाहीसा होणारा डाग आणि आजूबाजूची भिंत वाळली तरी न वाळणारा डाग, हे तीन निरनिराळे रोग आहेत.

ओल्या भिंतीवर क्षारांचा पांढरा थर दिसेनासा होतो आणि भिंत वाळली की परत येतो. म्हणूनच धुतल्यानंतर लगेच भिंत स्वच्छ दिसली, तर ती स्वच्छ झाली असे धरू नये. ती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे.

डागाच्या जागेवरून आणि आकारावरून काय समजते?

पुष्कळ समजते. रंगापेक्षाही जागा अधिक खरे सांगते, असा माझा अनुभव आहे.

वरून खाली निमुळता होत जाणारा किंवा पसरत जाणारा ओघळ असेल, तर त्याचे मूळ त्याच्या वरच्या टोकाशी असते. तिथे एखादा खिळा, नळाचा सांधा, खिडकीच्या सिलचे उघडे टोक किंवा धातूची पट्टी सापडते. खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली मिशीसारखे ओघळ दिसले, तर सिलच्या टोकांवरून पाणी बाजूला सांडत आहे असे समजावे. जमिनीपासून साधारण सारख्या उंचीपर्यंत चढलेला, वरची कड वेडीवाकडी असलेला पट्टा पायातून चढणारी ओल किंवा जमिनीवरून उडणारे पाणी दाखवतो. सांध्यांची जाळी डागातून स्पष्ट उमटली असेल, तर दोष विटेपेक्षा सांधेभरणीच्या मसाल्यात असण्याचा संभव अधिक. तो डाग विटेच्या मध्यावर आणि सांधा मात्र स्वच्छ असेल, तर उलट विचार करावा.

ठरावीक अंतरावर येणारे गोल डाग सहसा माणसाने केलेल्या गोष्टीचे असतात : परांचीच्या टेकणांची बुजवलेली भोके, आतले खिळे, बांधणीच्या तारा. निसर्ग इतके मोजून काम करत नाही.

पावसाचा मारा बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या भागांतला फरकही पाहावा. छज्जाखालच्या कोरड्या जागेत साचलेला काळा, कडक पापुद्रा आणि पाऊस थेट झेलणाऱ्या जागेतला काळा थर दिसायला सारखे असले, तरी पहिला बहुधा धुरकट हवेतील गंधकामुळे झालेल्या जिप्समचा असतो आणि दुसरा बहुधा सजीवांचा.

पांढरा डाग म्हणजे लोणाच ना?

नेहमी नाही, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. दुरुस्तीनंतरच्या पांढऱ्या डागांचे निदान चार पर्यायांमध्ये करावे लागते.

पहिला लोणा, म्हणजे सोडियम, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचे विरघळणारे सल्फेट, कार्बोनेट, नायट्रेट अथवा क्लोराइड. तो भुरभुरीत असतो, कधी कापसाच्या तंतूंसारखा फुलून येतो, कोरड्या ब्रशने निघतो आणि पाण्याच्या थेंबात विरघळतो.

दुसरा चुन्याचा ओघळ. सिमेंटमधला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे १.७ ग्रॅम विरघळतो. भेगेतून बाहेर आल्यावर त्याचा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते. ते लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपासच विरघळते. म्हणून हा डाग पहिल्या काही दिवसांत पाण्याने जाऊ शकतो आणि नंतर दगडासारखा बसतो. चुना थंड पाण्यात अधिक विरघळतो, त्यामुळे थंडीत केलेल्या कामात असे ओघळ अधिक दिसतात. त्यात हवा थंड असली की भिंत सावकाश वाळते, हेही कारण जोडीला असते.

तिसरा पर्याय जिप्समचा पातळ थर, आणि चौथा पर्याय जलप्रतिरोधक लेपाचा किंवा दगड मजबूत करणाऱ्या सिलिकेट द्रवाचा जास्त लागलेला अंश. हा शेवटचा थर काचेसारखा किंवा दुधी दिसतो.

हे वेगळे ओळखण्यासाठी डाग भिंतीवरून अलगद खरवडून काचेच्या तुकड्यावर घ्यावा. त्यावर शुद्ध पाण्याचा थेंब टाकावा : लगेच विरघळला तर लोणा. न विरघळल्यास दुसऱ्या चिमटीवर व्हिनेगरचा किंवा सौम्य आम्लाचा थेंब टाकावा : बुडबुडे आले तर चुन्याचा ओघळ. पाण्यात विरघळताना दिसत नाही आणि आम्लात फसफसतही नाही, तर जिप्सम किंवा लेपाचा अंश. जिप्सम नखाने खरवडता येते, तर सिलिकेटचा थर सहसा येत नाही. सोडियम कार्बोनेटचा लोणाही आम्लात फसफसतो, म्हणून पाण्याची चाचणी आधी करावी, क्रम उलटा करू नये.

आम्लाचा थेंब थेट भिंतीवर टाकू नये. चुनखडीचा दगड किंवा संगमरवर स्वतःच फसफसतो. तिथे चाचणीला अर्थ राहत नाही आणि दगडावर मात्र कायमचा चट्टा उठतो. भिंतीवरची पांढरी पूड जिभेला लावून पाहण्याची जुनी सवयही सोडावी, कारण सफाईनंतर तिथे कोणती रसायने उरली आहेत हे सांगता येत नाही.

लोणा धुतला तरी पुन्हा पुन्हा येतो. असे किती दिवस चालते?

कामात शिरलेल्या पाण्यामुळे आलेला लोणा असेल, तर तो दर खेपेला कमी होत जातो आणि भिंत वाळली की थांबतो. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा. पाण्याने धुतल्यास क्षारांचा मोठा भाग विरघळून परत आत जातो आणि पुढच्या वाळण्याला पुन्हा बाहेर येतो. लोणा कमी न होता सारख्याच जोमाने येत राहिला, तर पाणी अजून कुठूनतरी आत येत आहे, आणि ते थांबवल्याशिवाय सफाईवर खर्च करू नये.

यात सोडियम सल्फेट विशेष त्रासदायक आहे. ३२.४ अंश सेल्सिअसच्या खाली आणि पुरेशा दमट हवेत त्याचे कोरडे रूप पाण्याचे दहा रेणू धरणाऱ्या रूपात बदलते आणि त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते. हे छिद्रांच्या आत घडले, की डागाबरोबर गिलाव्याचे पापुद्रेही सुटू लागतात. अशा भिंतीवर हवा न जाऊ देणारा रंग किंवा लेप चढवणे म्हणजे क्षार आत कोंडणे होय. थोड्याच काळात लेपासकट पोपडा खाली येतो.

नारिंगी किंवा तपकिरी डाग गंजाचाच असतो का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने पहिले पाऊल योग्य टाकले आहे, कारण बहुतेक जण हा प्रश्न न विचारताच गंज काढण्याचे द्रावण आणतात.

दमट आणि सावलीतल्या भिंतींवर ट्रेंटेपोहलिया नावाचे शैवाल वाढते. वर्गीकरणाने ते हिरव्या शैवालात मोडते, पण पेशींत कॅरोटिनॉइड रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे ते नारिंगी ते विटकरी दिसते. लांबून ते हुबेहूब गंजासारखे भासते. भिंगातून पाहिल्यास मात्र ते मखमलीसारखे तंतुमय दिसते, त्याच्या वरच्या टोकाला धातूची कोणतीही वस्तू नसते, आणि ते ओघळाऐवजी ओलसर पट्ट्यांमध्ये पसरते. खात्री करायची असल्यास खरवडलेला नमुना भिंतीपासून दूर नेऊन त्यावर सौम्य ब्लीचचा थेंब टाकावा. शैवालाचा रंग काही मिनिटांत उतरतो, गंजाचा उतरत नाही. ही चाचणी भिंतीवर करू नये, कारण तो डाग खरोखर लोखंडाचा असेल, तर ब्लीच त्याला आणखी गडद आणि पक्का करते.

खरा गंज असेल, तर त्याचे रूप पाहावे. मधोमध काळा कण असलेले असंख्य बारीक ठिपके दिसले, तर ते लोखंड कापताना उडालेल्या ठिणग्यांचे किंवा छिद्रे पाडताना उडालेल्या कणांचे असतात. चुंबकाला कण चिकटले तर शंका उरत नाही. हे कण लवकर काढले तर डाग वरवरचा राहतो, पावसाळा उलटला की तो आत मुरतो. एकाच बिंदूपासून खाली आलेला ओघळ म्हणजे विसरलेला खिळा, तार किंवा परांचीचा अडकवलेला बोल्ट. भेगेच्या रेषेतून झिरपलेला, आजूबाजूचा भाग फुगलेला आणि ठोकल्यावर पोकळ आवाज देणारा डाग असेल, तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. काँक्रीटमधली सळई गंजत आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते आणि तो आवरण फोडून बाहेर येतो. अशा ठिकाणी डाग काढण्याआधी बांधकाम अभियंत्याला दाखवावे.

काही खडीत लोहगंधकाचे, म्हणजे पायराइटचे, कण असतात. ते हवा-पाण्याने बदलून एकेका कणाभोवती तपकिरी वलय उमटवतात. नव्या लाकडी चौकटीतून धुऊन आलेले टॅनिन, म्हणजे लाकडातले तुरट द्रव्य, हेही चहासारखे तपकिरी ओघळ देते, आणि त्याला लोखंड भेटले की निळसर काळा रंग येतो.

आम्लाने धुतलेल्या विटांवर हिरवे, पिवळे किंवा काळपट तपकिरी डाग आले. हे शेवाळ आहे का?

काम झाल्यापासून काही दिवसांतच आणि विटेच्या अंगभर आले असतील, तर बहुधा नाही. फिकट रंगाच्या विटांच्या मातीत व्हॅनेडियम हे मूलद्रव्य असू शकते. आम्लाने धुतल्यावर त्याचे हिरवे किंवा पिवळे क्षार वर येतात. याला शेवाळ समजून, किंवा आधीची धुलाई कमी पडली असे वाटून, पुन्हा हायड्रोक्लोरिक आम्ल लावले, तर हिरवा डाग तपकिरी होऊन जवळजवळ न निघणारा बनतो. हिरव्या डागावर आम्ल नको, एवढे जरी लक्षात राहिले तरी अनेक भिंती वाचतील.

काळपट तपकिरी डाग सांध्यांच्या कडेने गोळा झाला असेल, तर मँगनीजचा संशय घ्यावा. विटेला रंग देण्यासाठी वापरलेले मँगनीज आम्लात विरघळते आणि सांध्यातल्या अल्कधर्मी मसाल्याला भेटताच तिथे अवक्षेपित होते, म्हणजे घन रूपात साठते. डाग सांध्यालगत का येतो याचे हे उत्तर आहे. दोन्ही प्रकारांचे उपाय वेगळे आहेत आणि ते छोट्या जागेवर करून पाहिल्याशिवाय आणि जाणकाराच्या मदतीशिवाय करू नयेत.

नव्या रंगावर चिकट, चकचकीत ओघळ आले आहेत. रंग खराब होता का?

बहुधा नाही. पाण्यात मिसळलेल्या इमल्शन रंगात काही विरघळणारे घटक असतात. रंग पूर्ण वाळण्याआधी दव पडले, धुके आले किंवा हलका पाऊस झाला, तर ते घटक पृष्ठभागावर येऊन पिवळसर, साबणासारखे ओघळ बनवतात. लवकर लक्षात आल्यास साध्या पाण्याने हलकेच धुतल्यावर ते जातात, आणि पुढच्या काही पावसांत आपोआपही जातात. पुन्हा रंग देण्याची घाई करू नये.

याच्याशी गोंधळ होणारा दुसरा दोष म्हणजे नव्या गिलाव्यावरचे रंग उडाल्यासारखे चट्टे. गिलावा पुरेसा मुरण्याआधी, साधारण २८ दिवसांच्या आत, रंग दिला असेल, तर गिलाव्यातला अल्कली काही रंगद्रव्ये फिकी करतो. हे चट्टे धुऊन जात नाहीत.

दगडाच्या सांध्यालगतचा पट्टा सतत ओला दिसतो, पण पाणी कुठेच गळत नाही. का?

सांध्यात भरलेल्या सीलंटमधला तेलकट अंश सच्छिद्र दगडात मुरत असावा. याला काही आठवडे किंवा महिनेही लागतात, म्हणून कामाशी त्याचा संबंध लगेच जोडला जात नाही. चाचणी सोपी आहे. त्या गडद पट्ट्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. खरोखर ओल्या दगडावर तो पसरतो किंवा आत शोषला जातो, तेलाने मुरलेल्या दगडावर तो मोत्यासारखा उभा राहतो. ओला दिसणारा आणि पाणी झटकणारा दगड दिसला, की निदान जवळजवळ पक्के समजावे.

सिलिकॉनचा तेलकट अंश पावसाबरोबर खालीही उतरतो आणि त्यावर धूळ बसून काळे पट्टे तयार होतात. हे पट्टे नुसत्या धुलाईने गेल्यासारखे वाटतात आणि काही महिन्यांत परत येतात, कारण उगम सांध्यात कायम असतो. सीलंट निवडण्याआधी तो त्याच दगडावर तपासून घेणे हाच खरा उपाय. सच्छिद्र दगडावर सीलंटचा डाग पडतो का हे पाहण्यासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची सी १२४८ ही चाचणीपद्धत याच कारणासाठी आहे.

कोरड्या दिवशी भिंत एकसारखी दिसते, पण पावसात ठिगळे उठून दिसतात. हा दोष मानावा का?

ठिगळाचा मसाला आणि जुनी भिंत यांची पाणी शोषण्याची ताकद वेगळी असते, हे त्याचे कारण. जलप्रतिरोधक लेप कमी-जास्त लागला असेल, तरी असेच चित्र दिसते. भिंतीला चिकटवलेल्या कार्स्टन नळीने हा फरक मोजता येतो. नळीतला सुमारे १० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याइतका दाब देतो, आणि ठरावीक वेळेत किती पाणी आत गेले यावरून दोन जागांची तुलना करता येते. ठिगळाचा मसाला भिंतीपेक्षा फारच घट्ट असेल, तर पाणी ठिगळाच्या कडेने जमा होते आणि पुढे तिथूनच लोणा येतो. म्हणून दिसण्यापुरता दोष समजून तो सोडून देऊ नये.

सुमारे दोन-दोन मीटर उंचीवर आडवे मळकट पट्टे आहेत.

परांचीच्या फळ्यांवर पडलेला पाऊस भिंतीवर उडतो आणि फळ्यांवरची सिमेंटची व मातीची धूळ तिथे चिकटते. पट्ट्यांमधले अंतर परांचीच्या मजल्यांइतके असेल, तर हेच कारण. पट्टा वरच्या बाजूला विरळ होत जातो आणि बोटाला खरखरीत लागतो. तो धुण्याने गेला नाही आणि त्याची कड सरळ असली, तर ती आदल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या रंगाची जोड असते, मळ नव्हे.

उच्च दाबाच्या पाण्याने धुतल्यावर शेवाळ आधीपेक्षा लवकर का परतले?

दाबाच्या फवाऱ्याने पृष्ठभागाचे घट्ट आवरण खरवडले जाते, छिद्रे उघडतात आणि भिंत जास्त पाणी धरू लागते. शेवाळाला एवढेच हवे असते. शिवाय फवारा मृत पेशी काढतो, पण छिद्रांतले जिवंत बीजाणू तसेच राहतात. भिंतीवर फिकट-गडद उभे पट्टे दिसत असतील, तर ते फवाऱ्याची नळी भिंतीपासून कमी-जास्त अंतरावर धरल्याचे असतात. तिथे उरलेला मळ काढता येतो, पण झिजलेला पृष्ठभाग परत आणता येत नाही.

बाहेरून उष्णतारोधक थर बसवल्यानंतर भिंतीवर फिकट गोल ठिपक्यांची रांग उमटली. हे काय आहे?

थर भिंतीला बसवणाऱ्या खुंट्यांच्या चकत्या दिसत आहेत. उष्णतारोधक थरामुळे घरातली उष्णता बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. निरभ्र रात्री तो पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव साचते. खुंट्यांच्या जागी थोडी उष्णता बाहेर झिरपते, तिथे दव कमी पडते आणि लवकर वाळते. उरलेल्या ओलसर भागात शेवाळ वाढले, की गडद भिंतीवर फिकट वर्तुळे दिसू लागतात. पहाटे दव असताना पाहिल्यास शेवाळ येण्याच्या आधीही ही वर्तुळे दिसतात. धुलाईने शेवाळ जाईल, पण कारण थराच्या बांधणीत आहे.

काचेवरचे पांढरे ओघळ निघत नाहीत.

ताज्या काँक्रीटवरून किंवा गिलाव्यावरून आलेले अल्कधर्मी पाणी काचेला कोरते. व्हिनेगरने निघाला तर तो चुन्याचा साठा होता. न निघाल्यास आणि नख फिरवल्यावर थर न जाणवल्यास काच स्वतः कोरली गेली आहे, आणि तिला घासून चकाकी देणे किंवा बदलणे एवढेच उरते. अॅल्युमिनियमच्या चौकटींनाही ओला सिमेंट मसाला असाच इजा करतो, म्हणून तो उडताक्षणीच धुवावा.

ओल मोजणाऱ्या यंत्राने आकडा मोठा दाखवला. म्हणजे गळती आहे का?

एवढ्यावरून म्हणता येत नाही. दोन सुया टोचून मोजणारे यंत्र विजेचा प्रवाह मोजते, आणि क्षार असलेली भिंत थोड्याच ओलीतही वीज चांगली वाहून नेते. शिवाय काही क्षार हवेतूनच पाणी ओढतात : साधे मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की, आणि कॅल्शियम क्लोराइड सुमारे ३० टक्क्यांपासूनच. पाऊस नसताना फक्त दमट दिवशी गडद होणारे चट्टे यामुळे उठतात. यंत्राचा आकडा डाग नसलेल्या जागेच्या आकड्याशी ताडून पाहावा, एकट्याने वाचू नये.

प्रयोगशाळेची मदत कधी घ्यावी?

दगड जुना किंवा मौल्यवान असेल, डाग दुसऱ्यांदा परतला असेल, किंवा जबाबदारीवरून वाद होण्याची शक्यता असेल तेव्हा. क्ष-किरण विवर्तनाने स्फटिक कोणते आहेत हे कळते, आणि आयन क्रोमॅटोग्राफीने क्षारांचे प्रमाण. नमुन्याबरोबर शेजारच्या निर्मळ जागेचाही नमुना द्यावा. तुलनेशिवाय आकड्यांना अर्थ नसतो.

निदान झाले. आता सफाई करताना काय सांभाळावे?

नजरेआड असलेल्या हातभर जागेवर आधी करून पाहावे आणि ती जागा पूर्ण वाळल्यावरच निर्णय घ्यावा. सर्वात सौम्य उपाय आधी. आम्ल वापरायचेच असेल, तर भिंत आधी पाण्याने भिजवावी, म्हणजे द्रावण आत ओढले जात नाही. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये. ब्लीच आणि आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनिया यांतूनही विषारी वायू सुटतो. आदल्या दिवशीच्या द्रावणाचे अवशेषसुद्धा यासाठी पुरेसे असतात. हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा बायफ्लुओराइड असलेली द्रावणे काच कोरतात आणि त्वचेतून आत जाऊन प्राणघातक ठरू शकतात. प्रशिक्षण नसलेल्या कामगाराच्या हातात ती देऊ नयेत.

जबाबदारी कोणाची, हे कसे ठरवावे?

कालक्रमावरून. डाग ज्या पदार्थाचा आहे तो पदार्थ भिंतीवर कोणी आणि कधी आणला, आणि पाण्याची वाट कोणी बदलली, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर असली की वाद बराच लहान होतो. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे, वापरलेल्या प्रत्येक द्रावणाचे व सीलंटचे नाव आणि तुकडी क्रमांक, कामाच्या दिवसांचे हवामान आणि मान्य केलेला नमुना-पट्टा एवढ्या नोंदी करारातच मागाव्यात. डाग पडल्यानंतर त्या गोळा करता येत नाहीत.

डाग गेल्यावर किती काळ लक्ष ठेवावे?

एक पूर्ण ओला हंगाम आणि त्यानंतरचा एक कोरडा हंगाम. लोणा वाळताना येतो, शेवाळ ओलीत येते, सीलंटचे तेल सावकाश मुरते. यांपैकी प्रत्येकाला आपली वेळ मिळाल्यावरही भिंत तशीच राहिली, तर निदान बरोबर होते असे मानावे. तोपर्यंत दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी एक छायाचित्र घेऊन तारखेसह ठेवावे.